ॲक्रिलिकमध्ये खिल्लार बैल: रेखाटनापासून शेवटच्या थरापर्यंत

प्रश्न असा आहे की, खिल्लार या पांढऱ्या जातीच्या बैलाचे रेखाटन चांगले जमते, परंतु ॲक्रिलिक रंग भरायला घेतले की बैल चुना फासल्यासारखा दिसू लागतो, केस रंगवले की ते अंगावर चिकटवल्यासारखे ताठ वाटतात, आणि ओला असताना बरोबर वाटलेला रंग वाळल्यावर गडद होतो. तेव्हा पहिल्या रेषेपासून शेवटच्या थरापर्यंत कामाचा क्रम कसा ठेवावा? यांतील पहिल्या दोन तक्रारींचे मूळ एकच आहे. पांढरे जनावर म्हणून पांढरा रंग फार लवकर पॅलेटवर येतो आणि शरीराचा घाट उभा राहण्याआधीच केसांची घाई होते. तिसरी तक्रार या माध्यमाच्या स्वभावाची आहे आणि तिच्यावर सोपा उपाय आहे. माझ्या मते खिल्लार पांढरा दिसतो तो त्याच्या अंगावरच्या राखाडी, निळसर आणि मातकट छटांमुळे. निव्वळ पांढरा रंग संपूर्ण चित्रात फारच थोड्या जागी लागतो आणि त्या जागा शेवटी ठरतात.

सुरुवात संदर्भापासून करावी लागते, कारण खराब छायाचित्रावरून चांगला पांढरा बैल रंगवता येत नाही. दुपारच्या उन्हात वरून पडणारा प्रकाश पाठीचा आणि वशिंडाचा सगळा घाट पुसून टाकतो. म्हणून सकाळी किंवा दिवस कलताना, प्रकाश एका बाजूने पडत असताना छायाचित्रे घ्या. मोबाईल जवळ नेला तर नाकाड मोठे आणि पुठ्ठा, म्हणजे बैलाचा मागचा भाग, लहान दिसतो. चार-पाच मीटर दूर उभे राहून थोडा झूम वापरल्यास प्रमाण बरेचसे खरे राहते. कॅमेऱ्याची उंची साधारण बैलाच्या खांद्याइतकी ठेवावी. छायाचित्र मुद्दाम थोडे काळपट घ्यावे, कारण एकदा पांढरा भाग भाजून कोरा झाला की त्यातील केसांची वळणे आणि स्नायूंचे चढउतार कोणत्याही उपायाने परत मिळत नाहीत. खरसुंडीच्या यात्रेतील जनावरांचा बाजार किंवा सांगोल्याचा आठवडी बाजार यांसारख्या ठिकाणी एकाच सकाळी अनेक खिल्लार जनावरे उभी, बसलेली आणि चालती पाहायला मिळतात. तेथे मालकाची परवानगी घेऊन छायाचित्रांबरोबर लहान वहीत झटपट रेखाटनेही करावीत. बेंदूर किंवा पोळ्याच्या दिवशीची छायाचित्रे मात्र मुख्य संदर्भ म्हणून वापरू नयेत. झुलीखाली नेमका बरगड्यांचा आणि पाठीचा घाट झाकला जातो, शिंगांना रंग दिलेला असतो आणि अंगावर गुलाल किंवा रंगाचे ठसे असतात. सजवलेला बैलच रंगवायचा असेल तरी आधी उघड्या अंगाचा अभ्यास हवा.

रेखाटन तुम्हाला जमते असे तुम्ही म्हणता, म्हणून त्याविषयी थोडक्यात लिहितो. परंतु खिल्लाराच्या बाबतीत काही गोष्टी हमखास निसटतात. बैलाला माणसासारखे गळपट्टीचे हाड नसते, त्याचे पुढचे पाय धडाला स्नायूंनी बांधलेले असतात, आणि त्यामुळे चालताना खांद्याचे हाड कातडीखाली स्पष्ट सरकताना दिसते. वशिंड हे मुख्यतः स्नायू आणि चरबीचे असते व ते मानेवर नसून खांद्यांच्या वर असते; ते जरा पुढे सरकले की संपूर्ण बैल चुकल्यासारखा वाटतो आणि कारण सापडत नाही. पुढच्या पायाचा ज्याला आपण गुडघा म्हणतो तो खरे तर मनगटाचा सांधा आहे, आणि मागच्या पायात मागे टोकदार दिसणारा सांधा म्हणजे टाच. हे डोक्यात असले की पाय उलटे वाकत नाहीत. खिल्लाराचे डोके लांब व अरुंद असते, कपाळ शिंगांकडे जाताना मागे उतरते आणि त्याच्या मधोमध नाकापासून वर जाणारी उथळ खाच असते. शिंगे बुडाशी एकमेकांच्या जवळ असतात, आधी मागे जातात आणि मग धनुष्याच्या बाकाने वर चढतात. दोन्ही शिंगे एकाच वळणाची काढण्याचा मोह आवरावा, कारण थोड्या बाजूने पाहिले तर एक शिंग आपल्याकडे आणि दुसरे आपल्यापासून दूर जात असते.

आता पृष्ठभाग. खिल्लाराचे केस आखूड, दाट आणि तकतकीत असतात, त्यामुळे बाजारात मिळणाऱ्या तयार कॅनव्हासची जाड वीण या विषयाला आड येते. ४० बाय ५० सेंटिमीटरपर्यंतच्या चित्रासाठी मी एमडीएफचा, म्हणजे लाकडाचा भुसा दाबून केलेला, बोर्ड पसंत करतो. तो कोरा वापरू नये: पुढची बाजू, मागची बाजू आणि चारही कडा यांना ॲक्रिलिक ग्लॉस मीडियमचे (वाळल्यावर पारदर्शक व चकचकीत होणाऱ्या द्रवाचे) दोन हात द्यावेत, म्हणजे दमट हवेत तो वाकणार नाही आणि लाकडातील पिवळसर डाग वर येऊन चित्रात उतरणार नाहीत. त्यावर गेसोचे, म्हणजे रंगाखाली द्यायच्या पांढऱ्या अस्तराचे, तीन पातळ हात, प्रत्येक हात आधीच्या हाताला आडवा, आणि मध्येमध्ये २२० किंवा ३२० नंबरच्या पॉलिश पेपरने हलके घासणे. घासताना नाकाला मास्क हवा. कॅनव्हासच वापरायचा असेल तर त्याच्यावरही गेसोचे आणखी दोन हात देऊन वीण थोडी बुजवून घ्या.

रेखाटन बोर्डवर उतरवण्यासाठी चौकटी आखा, ट्रेसिंग करा किंवा प्रोजेक्टर वापरा. मला यांपैकी कशातच कमीपणा वाटत नाही, फक्त उतरवलेली रेषा नंतर नजरेने तपासून दुरुस्त केली पाहिजे. पेन्सिल दाबून चालवू नये. ग्राफाइट फिकट रंगात मिसळते आणि पांढऱ्या बैलाच्या कडेला मळकट झालर तयार होते. म्हणून उतरवलेली रेषा पाणी घातलेल्या रॉ अंबर या तपकिरी रंगाने पातळ ब्रशने पुन्हा काढावी, वाळू द्यावी आणि पेन्सिल खोडून टाकावी.

यानंतर येतो तो टप्पा अनेक जण गाळतात, आणि माझ्या अनुभवात चुनकट बैलाचे पहिले कारण हेच असते. पांढऱ्या गेसोवर पांढरा बैल रंगवताना तुलना करायला काहीच नसते. जो रंग लावाल तो पांढऱ्यापुढे गडद वाटतो, म्हणून हात घाबरतो आणि मिश्रण फिकट होत जाते. बोर्डला आधी मध्यम उजळपणाचा एक पातळ हात द्या. यलो ऑकर आणि थोडा रॉ अंबर यांचा मातकट हात खिल्लाराला उत्तम बसतो, कारण माणदेशातल्या (सातारा-सांगली-सोलापूरकडच्या कोरड्या मुलखातल्या) उन्हात त्याच्या पोटाखाली आणि पायांच्या आतल्या बाजूला जमिनीचा तोच रंग परतून आलेला दिसतो. रेषा त्यातून दिसत राहिली पाहिजे.

आता उजळ-गडदपणाचा, म्हणजे टोनचा हिशोब. काळ्याला १ आणि पांढऱ्याला ९ धरून एका पट्टीवर नऊ पायऱ्या रंगवून ठेवा. उन्हात उभ्या असलेल्या खिल्लाराची उजेडाची बाजू साधारण ८ च्या आसपास येते आणि छायेची बाजू ५ ते ६ च्या. म्हणजे पांढऱ्या बैलाची सावलीतील कूस ही उन्हातल्या वाळक्या गवतापेक्षाही गडद असू शकते. हे मनाला पटत नाही, कारण मन सांगत असते की बैल पांढरा आहे. पट्टी छायाचित्राशेजारी धरून पाहिली की डोळे ऐकतात. त्यात खिल्लार वळूच्या मानेवर, वशिंडावर, खांद्यावर आणि पुठ्ठ्यावर मुळातच राखाडी झाक असते, खच्ची केलेल्या बैलात ती कमी असते, आणि ही कातडीवरची झाक व प्रकाशाने पडलेली छाया या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. उजेडातही मान राखाडी राहते, मात्र ती छायेइतकी गडद होत नाही. या दोहोंची गल्लत झाली तर वशिंड खड्ड्यासारखे दिसते.

रंगांविषयी: पॅलेट लहान ठेवा. टायटॅनियम व्हाइट, अल्ट्रामरीन ब्लू, बर्न्ट अंबर (गडद तपकिरी), बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी), रॉ अंबर आणि यलो ऑकर (मातकट पिवळा) एवढ्यांत हे चित्र पूर्ण होते. ट्यूबवर रंगद्रव्याचा क्रमांक छापलेला असतो तो पाहण्याची सवय लावा. टायटॅनियम व्हाइट म्हणजे पीडब्ल्यू ६ आणि अल्ट्रामरीन म्हणजे पीबी २९. एकाच ट्यूबमध्ये तीन-चार रंगद्रव्ये मिसळलेली असतील तर तिच्यापासून स्वच्छ राखाडी बनवणे अवघड जाते. अल्ट्रामरीन आणि बर्न्ट अंबर यांच्या मिश्रणातून जवळजवळ काळा रंग मिळतो आणि तोच पांढऱ्यात घातल्यावर निळ्याकडे किंवा तपकिरीकडे हवा तसा झुकवता येतो. ट्यूबमधला काळा मी जनावरांच्या चित्रात सहसा वापरत नाही. पांढऱ्यात तो घातला की सिमेंटचा रंग येतो.

रंग वाळल्यावर गडद का होतो, हे समजून घेतले तर त्याचा त्रास राहत नाही. ॲक्रिलिकमधील बांधणारा घटक पाण्यातील पॉलिमर इमल्शन असतो आणि तो ओला असताना दुधाळ, तर वाळल्यावर पारदर्शक असतो. दुधाळपणा गेला की रंग आपल्या खऱ्या गडदपणावर येतो. टायटॅनियम व्हाइट भरपूर असलेल्या मिश्रणात हा फरक कमी जाणवतो. गडद आणि मीडियम घातलेल्या मिश्रणात जास्त. उपाय असा की प्रत्येक मुख्य मिश्रणाचा ठिपका कार्डपेपरच्या पट्टीवर लावून हेअर ड्रायरने वाळवावा आणि मगच तो टोनच्या पट्टीशी ताडून पाहावा. उजेडाच्या दोन, छायेच्या दोन आणि मधल्या एक अशा पाच राखाड्या एकदम बनवून घट्ट झाकणाच्या लहान डब्यांत ठेवल्या तर दुसऱ्या दिवशी तोच रंग पुन्हा जुळवत बसावे लागत नाही. एप्रिल-मे महिन्यांत विदर्भात किंवा मराठवाड्यात पॅलेटवरचा रंग पाहता पाहता वाळतो. तेव्हा पसरट डब्यात ओला स्पंज आणि त्यावर बटर पेपर ठेवून त्यावर रंग काढावेत आणि पंखा चित्राकडून वळवून ठेवावा. रिटार्डर, म्हणजे रंगाचे वाळणे लांबवणारे द्रव्य, वापरता येतो, पण बाटलीवर सांगितलेल्या प्रमाणाबाहेर गेल्यास थर बराच काळ चिकट राहतो.

पहिला थर मोठ्या चपट्या ब्रशने, एक इंची चालेल, आणि फक्त तीन टोनमध्ये भरावा: उजेड, छाया आणि शिंग-नाकाड-खूर यांचा गडद भाग. या थरात उजेडाच्या बाजूचा रंगदेखील ७ च्या वर जाऊ देऊ नका. पार्श्वभूमी याच वेळी भरायची. बैल पूर्ण करून मागाहून त्याच्याभोवती रंग भरला तर कडा कापून चिकटवल्यासारखी दिसते, कारण ॲक्रिलिकची कडा वाळली की तैलरंगाप्रमाणे पुसून मऊ करता येत नाही. पार्श्वभूमीचा रंग बैलाच्या कडेच्या किंचित आत न्यावा आणि मग बैलाचा रंग त्यावरून बाहेर आणावा. पाठीची उजेडातली कडा स्पष्ट, पोटाची आणि दूरच्या पायांची कडा विरघळलेली, असे ठेवले तर अर्धे काम तेथेच होते. मागची जागा बैलाच्या उजेडापेक्षा गडद आणि छायेपेक्षा किंचित फिकट ठेवली तर दोन्ही बाजू आपोआप वाचता येतात.

दुसऱ्या थरात घाट वळवायचा. येथे केसांचा विचारही करू नये. बरगड्यांची गोलाई, खांद्याच्या मागची खोलगट जागा, पुठ्ठ्याचे हाड, गळ्याखाली लोंबणारी पोळी आणि तिच्या घड्या हे सर्व मधल्या राखाड्यांनी, मध्यम आकाराच्या फिल्बर्ट (चपट्या पण गोल टोकाच्या) ब्रशने, शरीराच्या वळणाप्रमाणे फटकारे देत उभे करावे. छायेच्या रंगात बदल आणा: वरच्या बाजूला वळलेल्या छायेत आकाशाचा निळसरपणा, खाली वळलेल्या छायेत जमिनीची ऊब. छायेत एकच राखाडी सगळीकडे भरली तर टोन बरोबर असूनही बैल निर्जीव राहतो. दहा फुटांवरून पाहिल्यावर एकही केस नसताना बैल भरीव वाटत नसेल, तर पुढे जाण्यात अर्थ नाही. केसांनी घाटाची उणीव भरून निघत नाही, ती अधिक उघडी पडते.

ग्लेझ, म्हणजे पारदर्शक पातळ थर, या जागी फार उपयोगी पडतो. थोडा अल्ट्रामरीन आणि चिमूटभर बर्न्ट सिएना भरपूर ग्लेझिंग मीडियममध्ये मिसळून संपूर्ण छायेच्या बाजूवरून फिरवला तर तुटक फटकारे एकत्र येतात आणि टोन अर्ध्या पायरीने खाली जातो. यासाठी नुसते पाणी वाढवू नका. पाणी फार झाले की रंगद्रव्याला धरून ठेवणारा पॉलिमर विरळ होतो, रंग डागांसारखा साचतो आणि पुढच्या ओल्या ब्रशने उचलला जाऊ शकतो. आधीचा थर पूर्ण वाळल्याशिवाय ग्लेझ लावू नये. अर्धवट वाळलेला थर ब्रशबरोबर सोलला जातो आणि त्या जागी पडलेला खड्डा नंतरच्या प्रत्येक थरातून दिसत राहतो.

केसांच्या कामाआधी ट्रेसिंग पेपरवर बैलाची बाह्यरेषा काढून त्यात केसांच्या दिशा बाणांनी दाखवाव्यात. कपाळावर केसांचा भोवरा असतो आणि तेथून केस बाहेर वळतात. मानेवर ते मागे आणि खाली जातात. कुशीत, मागच्या पायाच्या पुढे, दिशा बदलते. हा नकाशा समोर असला की हात सवयीने एकाच तिरकस दिशेत फटकारे मारत नाही. तुमचे केस ताठ दिसतात त्यामागे बहुधा तीन कारणे आहेत: सगळे फटकारे सारख्याच लांबीचे, सारख्याच टोनचे आणि लायनर (लांब, बारीक टोकाच्या) ब्रशने एकेक करून काढलेले. खिल्लाराच्या अंगावरचे केस चार-पाच फुटांवरून सुटे दिसतच नाहीत. दिसते ती त्यांची दिशा आणि चमक. म्हणून झिजलेला, केस फाकलेला हॉग (डुकराच्या राठ केसांचा) ब्रश घ्यावा, त्यात रंग घेऊन तो कापडावर जवळजवळ पुसून टाकावा आणि केसांच्या दिशेने हलक्या हाताने फिरवावा. खालचा थर मधून दिसत राहतो आणि पोत आपोआप तयार होतो. आधी मधला टोन, मग केसांच्या झुबक्यांमधील गडद फटी, मग उजळ, त्यावर पातळ ग्लेझ आणि पुन्हा निवडक जागी उजळ अशी फेरी दोन-तीन वेळा केली की केस अंगातून उगवल्यासारखे वाटतात. ही फेरी सगळ्या अंगावर सारखी करू नये. डोके, मान आणि वशिंड येथे बारकावा द्यावा. पोट व मागचे पाय दुसऱ्या थराच्या अवस्थेत राहिले तरी चालतात, किंबहुना तसेच ते चांगले दिसतात. लायनर ब्रश कानातील केस, पापण्या, शेपटीचा गोंडा आणि प्रकाशाविरुद्ध दिसणारी वशिंडाची कडा एवढ्यांपुरताच बाहेर काढावा, आणि त्यासाठी रंग शाईइतका पातळ असावा.

डोळा मी केसांच्या आधी, दुसऱ्या थराबरोबरच रंगवतो, कारण चित्रातील सर्वांत गडद टोन तेथे असतो आणि तो एकदा बसला की बाकीच्या राखाड्या त्याच्याशी ताडता येतात. बैलाची बाहुली माणसासारखी गोल नसते, ती आडवी लांबट असते. अगदी गडद डोळ्यात ती वेगळी दिसली नाही तरी बुबुळाच्या खालच्या भागात बर्न्ट सिएनाची थोडी ऊब ठेवल्याने तिचा भास होतो. डोळ्यातील चमक म्हणजे आकाशाचे प्रतिबिंब असते, म्हणून ती पांढऱ्या ठिपक्याऐवजी निळसर फिकट आणि वरच्या पापणीने कापलेली असावी. वरच्या पापणीची पडछाया डोळ्यावर पडते. ती विसरली तर बैल दचकल्यासारखा पाहू लागतो. काजळी खिल्लारात नाकाड, डोळ्यांच्या कडा आणि खूर काळे असतात, आणि हा काळेपणाच बाकीच्या अंगाला पांढरे ठरवतो. नाकाड ओले असते, त्यामुळे त्याच्यावरची चमक लहान, तुटक आणि थंड रंगाची हवी. वेसण असेल तर तिची पडछाया आधी आणि दोरी नंतर रंगवावी. शिंगे बुडाशी खरखरीत व वळीदार, टोकाकडे गुळगुळीत असतात. त्यांची पडछाया कपाळावर किंवा मानेवर कोठे पडते ते छायाचित्रात शोधून ठेवा, कारण एवढ्या एका सावलीने डोक्याची खोली कळते.

आणि आता पांढरा. टायटॅनियम व्हाइटमध्ये यलो ऑकरचा अगदी थोडा अंश घालून उन्हाचा पांढरा तयार करावा आणि तो वशिंडाच्या माथ्यावर, कपाळाच्या उंचवट्यावर, खांद्याच्या व पुठ्ठ्याच्या हाडावर, जेथे कातडी ताणलेली आहे अशाच जागी ठेवावा. ट्यूबमधील निव्वळ पांढरा लावायचाच असेल तर एक-दोन ठिकाणी, आणि तोही जाड. प्रत्येक फटकाऱ्यानंतर मागे सरकून पाहा. चित्राचे मोबाईलवर कृष्णधवल छायाचित्र घेऊन मूळ छायाचित्राशेजारी ठेवले तर टोनची चूक लगेच कळते. उजेड फार पसरला असे दिसले तर घासत बसण्यापेक्षा राखाडी ग्लेझने तो भाग खाली आणावा. ॲक्रिलिकची खरी सोय हीच आहे की वाळलेल्या थरावर निर्धास्तपणे पुन्हा काम करता येते.

हाच क्रम पंढरपुरी म्हशीसाठी वापरायचा असेल तर हिशोब उलटा होतो. तेथे गडद टोन सर्वत्र असतो, आणि राखून ठेवायची गोष्ट म्हणजे निव्वळ काळा. पाठीवरची आकाशाची निळी चमक हाच तिथला मुख्य उजेड असतो. बिबट्याचे ठिपके मात्र घाट पूर्ण झाल्यावर आणि अंगाच्या वळणाप्रमाणे लहान-मोठे करत द्यावेत.

चित्र पूर्ण झाल्यावर वॉर्निशची घाई नको. जाड रंग असलेल्या जागा आतून वाळायला वेळ लागतो, म्हणून दोन-तीन आठवडे तरी थांबावे. आधी ग्लॉस मीडियममध्ये थोडे पाणी घालून एक संरक्षक हात द्यावा आणि त्यावर काढून टाकता येईल असे वॉर्निश लावावे, म्हणजे पुढे ते पुसताना रंगाला धक्का लागत नाही. पूर्ण मॅट वॉर्निशने गडद भाग फिके पडतात आणि काळे नाकाड राखाडी दिसते. या विषयाला मी सॅटिन, म्हणजे मंद चमकेचे वॉर्निश वापरतो. भर पावसाळ्यात वॉर्निश दुधाळ राहण्याचा धोका असतो, त्यामुळे कोरडा दिवस पाहून ते काम करावे. ॲक्रिलिकचा थर उन्हाळ्यात थोडा मऊ होतो आणि दोन चित्रे समोरासमोर टेकवून ठेवली तर ती एकमेकांना चिकटतात. प्लास्टिकमध्ये घट्ट गुंडाळल्यासही तेच होते. प्रदर्शनाला पाठवताना मध्ये बटर पेपर किंवा सिलिकॉनचा न चिकटणारा कागद घालावा आणि कोपऱ्यांना पुठ्ठ्याचे तुकडे लावून रंगाची बाजू मोकळी ठेवावी.